बिनकाचेचं दार

आमच्याकडे माणसं घरात बोलत नाहीत. घरात कॉफी पितात, हवामानाचा अंदाज ऐकतात आणि खुर्चीत डुलक्या काढतात. बोलायचंच असेल तर रस्त्यावर, आणि तेही गाडीतून न उतरता. समोरून ओळखीची पिकअप आली की दोघंही वेग कमी करतात आणि भर रस्त्यात शेजारी शेजारी थांबतात, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. इथे चालवणारा डावीकडे बसतो, त्यामुळे दोघांच्या खिडक्या बरोबर समोरासमोर येतात. आरसे घासतील इतक्या जवळ गाड्या लावायच्या, इंजिन बंद करायचं नाही, आणि काच खाली करायची. असं बोललं की एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, शेताकडे बघत बोलता येतं. विषय नकोसा झाला तर गाडी पुढे काढता येते. नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात कितीतरी लग्नं आणि जमिनीचे व्यवहार अशा खिडक्यांतून झालेत. मागून तिसरी गाडी आली तर ती निमूट थांबते. जो हॉर्न वाजवतो तो बाहेरगावचा.

म्हणून शेजारी थांबून एखाद्याने काच खाली केली आणि तुम्ही तुमची केली नाहीत, तर ते थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट. मारलेलं माणूस विसरतं. न उघडलेली काच इथे कुणी विसरत नाही.

माझं नाव व्हर्ना. गावात माझं गॅरेज आहे, पण इंजिनाला मी हात लावत नाही, मी फक्त गाड्यांची दारं आणि काचा बघते. धंदा नवऱ्याने सुरू केला होता. तो एका हिवाळ्यात ऊन खायला ॲरिझोनाला गेला आणि तिकडचाच झाला. गॅरेज मात्र मागे राहिलं, आणि खरं सांगायचं तर दोघांत तेच जास्त उपयोगाचं होतं.

आर्विद लोक्केन माझ्या थोरल्या बहिणीचा, लोइसचा, नवरा. लोइस जाऊन सहा वर्षं झाली. सेल्मर हा आर्विदचा मोठा भाऊ. दोघांची शेतं एकाच खडीच्या रस्त्यावर, मध्ये चार मैल. पोरसवदा वयात बापाच्या गाड्या चालवायला लागले तेव्हापासून हे दोघं त्या रस्त्यावर खिडकीला खिडकी लावून बोलत आलेले. गव्हावरचा तांबेरा, अडलेली गाय, कुत्र्याचं दुखणं, काय वाटेल ते. लोइस म्हणायची, माझ्याशी तो वर्षभरात जेवढं बोलतो तेवढं सेल्मरशी एका खेपेत बोलतो.

मग चर्चचं प्रकरण झालं. टेकडीवरच्या आमच्या चर्चमध्ये शेवटी अकराजण उरलो होतो, त्यातले तिघं प्रवचनभर झोपायचे. छप्पर गळत होतं. चर्च बंद करायचं की नाही यावर मतं घेतली, ती बरोबरीत आली, आणि सेल्मर अध्यक्ष असल्यामुळे त्याचं मत निर्णायक ठरलं. त्याने बंद करायला हात वर केला. लोइसची कबर त्या चर्चच्या भिंतीलगत आहे. आर्विद सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "लोइसला तू उघड्यावर टाकलीस."

सेल्मर म्हणाला, "लोइस मेलीय, आर्विद. आणि छप्पर गळतंय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण म्हणून त्या अशा तोंडावर फेकायच्या असतात का? मलाही त्या दिवशी सेल्मरचा संताप आला होता. त्यानंतर दोन हिवाळे ते रस्त्यात थांबले नाहीत. साधं स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, जो आम्ही अनोळखी माणसालाही करतो, तोसुद्धा बंद. समोरची गाडी रिकामीच आहे असं समजून एकमेकांच्या बाजूने जायचे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला दोन म्हाताऱ्यांचा पोरखेळ वाटेल. त्या जानेवारीत सेल्मरकडे फार दिवस उरले नव्हते. पोटाचा कर्करोग. ते त्याला आणि त्याच्या बायकोला, आर्डिसला, सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आमच्यात पीक बुडालं तर सांगतात, दुखणं सांगत नाहीत. आम्हाला ते नंतर कळलं, म्हणजे उशिरा.

त्या सकाळी उणे तीस होतं. आर्विदने पिकअप थेट माझ्या गॅरेजमध्ये घातली. उतरला तो दार सताड उघडं टाकूनच. मला वाटलं कुणाला उडवून आला.

"काच उघडून दे," तो म्हणाला.

"गुड मॉर्निंग तरी म्हण."

"व्हर्ना, काच उघडून दे. आत्ता."

मी त्याला स्टुलावर बसवलं, कॉफी दिली. ती त्याने प्यायली नाही. मग तुकड्या-तुकड्यांनी सांगायला लागला. चौरस्त्याच्या अलीकडे समोरून सेल्मरची गाडी आली. नेहमीसारखी निघून जाईल म्हणून आर्विद समोर बघत राहिला. पण सेल्मर हळू झाला. थांबला.

"त्याने काच खाली केली, व्हर्ना. आधी त्याने."

"मग?"

"मी पण थांबलो. अगदी शेजारी. बटण दाबलं. काच हलेना. परत दाबलं. नुसता घर्रर्र आवाज."

आदल्या दिवशी जरा ऊन पडलं होतं. टपावरचं बर्फ वितळून काचेच्या फटीत उतरलं आणि पहाटे गोठलं. दरवर्षी इथे निम्म्या गाड्यांचं हेच होतं.

"मग दार उघडून उतरायचंस ना!"

"दार कसं उघडू? गाड्या किती जवळ होत्या! दार त्याच्या दारावर आपटलं असतं." त्याने तळहात चेहऱ्यावरून फिरवला. "मी ओरडलो. गोठलीय, गोठलीय म्हणून. हाताने काचेवर मारलं. तो आपला बघत राहिला. मग त्याने काच वर केली आणि गेला."

माझ्या डोळ्यांसमोर ते चित्र आलं. दोन वर्षांनी भाऊ आपणहून थांबतो, काच खाली करतो, आणि समोर बंद काचेआड धाकटा लाल तोंडाने ओरडतोय, मुठी आपटतोय. आवाज तर येत नाही. काय समजेल कुणी?

"त्याला वाटलं मी शिव्या देतोय," आर्विद म्हणाला.

"मागे जायचंस त्याच्या."

"मागे गाडी लावायची? भांडायला आल्यासारखी?"

"मग फोन कर. हा घे."

"फोनवर काय बोलणार?"

खरं होतं ते. आर्विदचं फोनवरचं सगळं बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'बरं'.

"घरी जा त्याच्या. चार मैल तर आहे मेलं!"

"घरी आर्डिस असते. ती कॉफी करणार. केक कापणार. मग तासभर केक बरा झालाय म्हणत बसायचं." तो उठून उभा राहिला. "रस्त्यावरच झालं ना हे? मग रस्त्यावरच सांगायला हवं. तू फक्त काच उघडून दे."

मी दाराचं आतलं आवरण काढलं. पत्र्याच्या आत काय असतं हे बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं. काच दोन बाजूंच्या रबरी खाचांत उभी असते. तिच्या खालच्या कडेला दोन प्लॅस्टिकचे चिमटे, ते एका बारीक पोलादी तारेला जोडलेले. तार वर आणि खाली एकेका पुलीवरून फिरून मधल्या रिळावर गुंडाळलेली, आणि रीळ फिरवायला मोटर. बटण दाबलं की रीळ एकीकडून तार ओढतं, दुसरीकडून सोडतं, आणि काच उतरते. मोटरचे दाते असे केलेले असतात की मोटर काच हलवू शकते पण काच मोटर हलवू शकत नाही. म्हणून मिटलेली काच वरून हाताने कितीही दाबा, ढिम्म हलणार नाही. ती सोय चोरांना अडवायला. जुन्या गाड्यांना हाताने फिरवायची मूठ असायची. तेव्हा काच गोठलेली असली की हाताला लगेच कळायचं, आणि माणूस थांबायचा. मोटरला काही कळत नाही. ती ओढत राहते. फार तापली की आपण होऊन बंद पडते, निवली की पुन्हा ओढायला लागते, आणि शेवटी जे कच्चं असेल ते तुटतं.

आर्विदच्या दारात दोन्ही चिमटे तुटले होते. तार रिळावरून निसटून तिचा नुसता गुंता झाला होता. मोटरला करपल्याचा वास येत होता. बटण एकदा-दोनदा दाबून असं होत नाही.

"किती वेळ दाबत होतास रे?"

"तो जाईपर्यंत." त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला. "गेल्यावरही."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात गॅरेजच्या उबेने रबरातलं बर्फ सुटलं. काचेला धरायला आता काहीच नव्हतं. ती हळूच सरकली आणि दाराच्या पोटात जाऊन धप्पकन बसली. आर्विद त्या रिकाम्या खिडकीकडे बघत राहिला.

"आत्ता उतरली," तो म्हणाला.

मी सांगितलं, सामान मागवते, पण रस्ते बघता यायला वेळ लागेल. तोवर काच वर ओढून लाकडाची पाचर ठोकून देते.

"नको. राहू दे खालीच."

"वेडा आहेस का? उणे तीस आहे बाहेर. नाक गळून पडेल."

"तो परत समोरून येईल ना, तेव्हा मध्ये काही नको."

"बरं, निदान प्लॅस्टिक चिकटवू दे."

"प्लॅस्टिकमधून तोंड दिसतं का माणसाचं?"

आणि तो तसाच गेला. कानटोपी, मफलर, मांडीवर घोंगडी, हीटर सगळ्यात वर, आणि डाव्या बाजूने सबंध नॉर्थ डकोटाचा वारा आत. मी दारात उभी राहून त्याला जे काही बोलले ते लोइसने ऐकलं असतं तर माझ्याशी अबोला धरला असता.

तो गेल्यावर मी स्वतः आर्डिसला फोन लावला. म्हटलं, या दोघांच्या नादी कशाला लागा, बायकाबायकांत दोन मिनिटांत मिटेल. घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी त्यांच्या घरावरून गाडी काढली. पडदे ओढलेले, अंगणात रात्री पडलेल्या बर्फावर चाकाची एक खूण नाही. मुलीकडे बिस्मार्कला गेले असतील असं मी धरून चालले. दरवर्षी जातात. खरं तर ते फार्गोच्या इस्पितळात होते. त्या सकाळी सेल्मर रस्त्यात थांबला तो तिकडे निघण्याआधी धाकट्याला सांगून जावं म्हणून.

आर्विद रोज त्या रस्त्यावर. सकाळी एक फेरी, दुपारी एक. "गेलेत ना, मग येतील," तो म्हणायचा. "येतील तर याच रस्त्याने." गावातली टवाळ माणसं कॅफेत हसायची. कुणी म्हणालं आर्विदने उन्हाळ्याची गाडी आत्ताच काढली. कुणी म्हणालं काचेचे पैसे वाचवतोय. मी एकाच्या बशीतला केक उचलून दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवला, म्हटलं तिकडे बसून हस. पण मनातून मलाही वाटत होतं, की हे काय चाललंय? एवढी तगमग, आणि उपाय म्हणून काय, तर काच नसलेली गाडी घेऊन फिरणं! या माणसांना देवाने पाय दिलेत, घरांना दारं दिलीत.

त्याच्या डाव्या कानाची पाळी आधी पांढरी पडली, मग काळसर. मी औषध लावलं तर म्हणाला, हा कान तसाही कमीच ऐकतो. सामान आलं तेव्हा मी त्याला बोलावून घेतलं. नवी मोटर, नवी तार, चिमटे, सगळं टेबलावर मांडलं.

"तासाभराचं काम आहे. बस."

"पुन्हा गोठली तर?"

"रबराला तेल लावून देते. नाही गोठणार."

"खात्री देतेस?"

आता उणे तीसमध्ये कोण कशाची खात्री देणार? त्याने टोपी घातली. "तो येऊन जाऊ दे. मग बसव."

आर्डिसचा फोन आला तो गुरुवारी दुपारी. आवाज अगदी सपाट. सेल्मर सकाळी गेला म्हणाली. उद्या घेऊन येतोय. मग तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं, दुखणं, फार्गो, ती सकाळ. "तो आर्विदला सांगायला थांबला होता गं. घरी परतला, आणि फार्गोला न्यायला मी त्याला गाडीत बसवत होते तेव्हा म्हणाला, आर्विदने काचसुद्धा उघडली नाही. आतून शिव्या देत होता. पुढे तिकडे गेल्यावर एकदा म्हणाला, चर्चचं मत मी उलटं द्यायला हवं होतं."

"आर्डिस, काच गोठली होती त्याची. मोटर जळेपर्यंत दाबत होता तो. दाराचे चिमटे तुटलेत, माझ्या टेबलावर पडलेत ते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "मी त्याला सांगितलं असतं. शेवटपर्यंत शुद्धीत होता तो."

मी रडले. गॅरेजमध्ये गिऱ्हाईक उभं होतं तरी रडले.

आर्विदला मी रस्त्यावरच गाठलं. माझी गाडी त्याच्या शेजारी लावली, काच खाली केली आणि सांगितलं. दुसरी कुठलीही रीत मला सुचली नाही. सेल्मर काय समजून गेला ते मात्र मी बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊकच होतं. त्याने एवढंच विचारलं, "कुठल्या रस्त्याने आणणार?"

आर्डिसने शववाहिकेवाल्या ड्वाइटला सांगितलं होतं, गावात नेण्याआधी एकदा त्याच्या शेताजवळून ने. म्हणजे हाच रस्ता.

दुसऱ्या दिवशी आर्विदला एकटं सोडायला माझं मन होईना. मी दोन गोधड्या घेऊन त्याच्या शेजारच्या सीटवर चढून बसले. आम्ही चौरस्त्याच्या अलीकडे उभे राहिलो. वारा त्याच्या खिडकीतून येऊन मला झोडपत होता. त्याने दाढी केली होती, चर्चचा कोट घातला होता.

लांबून काळी गाडी दिसली. मागे आर्डिसची. आर्विद रस्त्याच्या मधोमध सरकला आणि हळूहळू पुढे गेला. ड्वाइट इथलाच. त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. तो शेजारी येऊन थांबला आणि त्याने काच खाली केली.

"आर्विद," तो म्हणाला. "वाईट झालं."

"हो. ड्वाइट, जरा पुढे घेतोस? एवढंच, हातभर."

ड्वाइटने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी पुढे घेतली. आता आर्विदच्या खिडकीसमोर मागची लांब काच आली. आत राखाडी पडदा. ती काच उघडणारी नव्हतीच. त्या काचांना ना तार असते ना मोटर, त्या चिकटवूनच टाकलेल्या असतात. आर्विदने हात बाहेर काढला आणि बाहीने तिच्यावरचं भुरभुरीत बर्फ पुसलं.

मग तो समोर शेताकडे बघायला लागला, आमच्यात बघतात तसा.

"थंडी आहे," तो म्हणाला.

थोडा थांबला. दुसऱ्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा.

"काच गोठली होती रे. मी तेच ओरडत होतो. दुसरं काही नाही."

पुन्हा थांबला. मला वाटलं आता झालं, आता निघेल. पण आमच्याकडे कामाची गोष्ट सांगून झाली की लगेच निघत नाहीत, मग कुठे खरं बोलणं सुरू होतं. आणि याच्याकडे तर दोन वर्षांचं साठलेलं होतं. त्याने पहिल्या हिवाळ्यापासून सुरुवात केली. त्या वर्षी गोठ्याचं छप्पर कसं बसलं. लाल गाईला जुळं झालं, एक जगलं. म्हातारा कुत्रा वसंतात गेला, त्याला विलो झाडाखाली पुरलं. लोइसच्या कबरीवरचं गवत तो स्वतः कापतो, तिथे ओसाड वगैरे काही झालेलं नाही, उलट शांत असतं, तू म्हणालास ते चुकीचं नव्हतं. पेरणीला उशीर झाला. पावसाने गहू लोळवला. एकेक वाक्य बोलायचा आणि थांबायचा.

ड्वाइटने इंजिन चालू ठेवलं होतं, पण तो मागे वळून बघत नव्हता. शेवटी आर्डिस आपल्या गाडीतून उतरली आणि चर्चच्या पातळ बुटांनी बर्फातून चालत आली. मी दार उघडून तिला आत घ्यायला निघाले तर तिने मानेनेच नको म्हटलं.

"आर्विद," ती म्हणाली, "जाऊ दे आता त्याला. मंडळी थांबलीत गावातल्या चर्चमध्ये."

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "मी नाही आधी निघणार."

काळी गाडी सावकाश पुढे गेली. मागोमाग आर्डिसची. आर्विदच्या खिडकीसमोर आता नुसता रस्ता होता आणि पलीकडे पांढरं शेत. मी म्हटलं, "चल." त्याने ऐकलं नाही. तो बोलतच होता. पहिल्या वर्षीची कापणी चालली होती, दुसरं वर्ष अजून सगळं बाकी होतं.